गोळ्यांच्या डब्यामागे रास अल खैमापर्यंत

अमिरातीहून परत आल्यापासून गल्लीत जो भेटतो तो एकच विचारतो, ती सगळ्यात उंच इमारत पाहिलीत का? पाहिली. म्हणजे ती होती, मीही होतो आणि आमच्यामध्ये गाडीची काच होती. मी त्या वेळी फोनवर साताऱ्याच्या डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टला समजावत होतो, की मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा आहे आणि पेशंट शेजारी बसून खाकरा खाते आहे. सुनंदा म्हणाली, "अहो, ती बघा." मी म्हणालो, एक मिनिट. ते मिनिट संपलं तेव्हा शारजा आलं होतं.

तेव्हा ज्यांना उंच इमारती, सोन्याचा बाजार आणि उंटावरचे फोटो हवे असतील त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी गाठावं. आम्ही त्या देशात मुख्यतः एका स्टीलच्या डब्याच्या मागे फिरलो. पण फिरलो भरपूर, खाल्लं त्याहून भरपूर, आणि तीस वर्षं फळ्यावर लिहून जे मला कळलं नव्हतं ते एका अरब गृहस्थाच्या दिवाणखान्यात कॉफी पिताना कळलं.

खलिफा सिटी, शुक्रवार

सुनंदा म्हणजे माझी बायको. तिचा धाकटा भाऊ मिलिंद अबुधाबीजवळ खलिफा सिटीत राहतो. सात वर्षं तो बोलावत होता. त्यातली अडीच आम्ही आळसात घालवली आणि पुढची साडेचार दवाखान्यात. सुनंदाच्या डाव्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि त्यानंतर रोज एक गोळी सुरू झाली, निदान पाच वर्षांसाठी. ती गोळी रोज सकाळी नऊ वाजता मी देतो. हातावर गोळी, दुसऱ्या हातात कोमट पाणी. एक दिवस चुकलेला नाही. आमच्या घरात देवपूजा कधीमधी राहते, गोळी नाही.

या प्रवासासाठी मी एक वेळापत्रक केलं होतं. त्यात धूळ, एसीचा झोत, गर्दी, उघड्यावरचं खाणं आणि लांबचा प्रवास यांना बंदी होती. या सगळ्या गोष्टी वजा केल्यावर मिलिंदच्या घरचा सोफा तेवढा उरत होता. सुनंदाने तो कागद वाचला, घडी घातली आणि पोळ्यांच्या डब्याखाली लावली, कारण डबा डुगडुगत होता.

खलिफा सिटी शांत आहे. रुंद रस्ते, उंच कुंपणाचे बंगले, भिंतींवर मांजरं आणि डोक्यावरून सावकाश उतरणारी विमानं. हॉर्न ऐकू येत नाही. पहिल्या सकाळी मला वाटलं की आपले कान गेले. मिलिंद एका मोठ्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. त्याची बायको केतकी हिला त्या आठवड्यात शनिवार-रविवारीही ऑफिस होतं, त्यामुळे ती स्वयंपाकघरातल्या चिठ्ठ्यांच्या रूपाने भेटायची. मुलगी सई पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर इंग्रजीत येतं, फक्त मला हाक मारताना ती "आतोबा" म्हणते, तेवढ्यावर मी खूश.

सईची परीक्षा जवळ आली होती आणि धडा नेमका माझा होता. जनुकांवर हुकूम चालवणारी प्रथिनं, तिच्या भाषेत ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर्स. ती म्हणाली, आय डोंट गेट इट. हे वाक्य ऐकलं की निवृत्त मास्तराच्या अंगात वारं भरतं. मी पोह्यांची बशी बाजूला सारली.

मी तिला मंगल कार्यालयात नेलं, मनाने. प्रत्येक पेशीत सगळ्या पदार्थांच्या कृती लिहिलेल्या असतात, ती जनुकं. आचारी तयार असतात. पण जिलेबी कधी तळायची, मठ्ठा कधी घुसळायचा आणि बास कधी करायचं, हे आचारी ठरवत नाहीत. पंगत आणि मुदपाकखाना यांच्या मधल्या दारात एक अण्णा उभे असतात. त्यांच्या कानात कोणी निरोप सांगितला की ते आत ओरडतात, वाढा. पोटं भरली की ओरडतात, बास. ही प्रथिनं म्हणजे ते अण्णा. वाढायला सांगणारे अण्णा वेगळे, थांबवणारे वेगळे. पी-फिफ्टीथ्री नावाचं एक प्रथिन तर असं आहे की आत काही जळाल्याचा वास आला की ते मुदपाकखान्यालाच कुलूप घालतं. चांगल्या पेशीत हे सगळे भानावर असतात. कॅन्सरमध्ये वाढायला सांगणारे अण्णा अडकतात, थांबवणारे बिघडतात आणि मांडव ओस पडला तरी जिलेबी तळली जात राहते.

"सो बेसिकली," सई म्हणाली, "कॅन्सर इज अ वेडिंग व्हेअर नोबडी सेज स्टॉप."

तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने इतकं नीट सांगितलं नव्हतं. मग मी तिला आत्याच्या गोळीचंही सांगितलं. आत्याच्या गाठीतले अण्णा एका हार्मोनचं ऐकायचे. इस्ट्रोजेन येऊन त्यांच्या कानात कुजबुजलं की ते वाढा म्हणायचे. ही गोळी जाऊन त्या कानात कापसाच्या बोळ्यासारखी बसते. हार्मोन येतं, बोलतं, पण ऐकूच जात नाही. म्हणून गोळी रोज हवी, बोळा निघता कामा नये. सुनंदा पोहे खात ऐकत होती. ती म्हणाली, माझ्या कानाचं राहू द्या, तुमच्या बशीतलं गार होतंय.

दुपारी शिरीष देवधर आला. हा आमच्या गल्लीतल्या देवधरकाकूंचा मुलगा आणि माझा विद्यार्थी. बारावीला बायॉलॉजीत त्याने अशी कामगिरी केली की नाइलाजाने इंजिनियर व्हावं लागलं. आता तो उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यात आहे, कामाने त्या दिवशी अबुधाबीत आला होता. परदेशी कोणी निघालं की आपल्या गल्लीला आधी वास लागतो. आम्ही तिकीट काढलं आणि देवधरकाकू डिंकाचे लाडू घेऊन हजर. "फक्त दोन किलो आहेत हो," म्हणाल्या, जणू काही उरलेली बॅग रिकामीच जाणार होती. शिरीष पाया पडला, चहा प्यायला, स्टीलचा डबा घेऊन गेला. जाताना म्हणाला की आईला सांगा, मी खातो. हे वाक्य मला पुढे फार आठवलं.

उम्म अल कुवैन, शनिवार

सकाळी नऊ वाजता मी गोळ्यांचा डबा काढला.

या डब्याविषयी आता सांगायलाच हवं. बॅगेत स्ट्रिपा चेपतील या भीतीने मी महिनाभराच्या गोळ्या एका स्टीलच्या डब्यात भरल्या होत्या. खाली कापूस, वर कापूस, झाकणाला चिकटपट्टी. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र लॅमिनेट करून फायलीत. शुक्रवारची गोळी मी वेगळी खिशात ठेवली होती, विमान रखडलं तर हाताशी असावी म्हणून. त्यामुळे शुक्रवारी डबा उघडायची वेळच आली नाही.

शनिवारी उघडला. आत डिंकाचे लाडू होते. वर खोबऱ्याचा कीस.

दोन डबे सारखे कसे, हे परदेशी माणसाला समजावणं अवघड आहे, पण आपल्या वाचकांना एका ओळीत कळेल. आमच्या गल्लीत एका घरी लग्न झालं, तेव्हा परतीची भेट म्हणून सगळ्यांना तोच डबा मिळाला होता, झाकणावर वधूवरांची नावं कोरलेला. देवधरकाकूंकडे तो, आमच्याकडे तो, पुढच्या दहा घरांत तो. नवं जोडपं पुण्यात सुखाने नांदतं आहे आणि त्यांच्या नावाने माझ्या बायकोच्या गोळ्या उम्म अल कुवैनला गेल्या होत्या.

"ओह नो," सई म्हणाली. "शिरीष अंकल गॉट द मेड्स."

साडेचार वर्षं मी ज्याला जपलं तो बोळा कानातून निघाला, आता काय काय वाढायला लागेल, एवढंच डोक्यात. मी खरंच घाबरलो होतो, हे आता लिहायला हरकत नाही. मिलिंद म्हणाला, दाजी, इथल्या फार्मसीत बघू. फार्मसीवाल्याने लॅमिनेट केलेली चिठ्ठी उलटसुलट पाहिली, तिच्या चकाकीचं कौतुक केलं आणि इथल्या डॉक्टरची आणा म्हणाला. डॉक्टरची वेळ सोमवारची मिळत होती. घरी परतलो तशी सुनंदा मागून म्हणाली, "अहो, ऐका तरी." मी म्हणालो, एक मिनिट, आणि शिरीषला फोन लावला.

"सर, तुम्ही या," शिरीष म्हणाला. "आल्यावर बोलू."

जो विद्यार्थी आल्यावर बोलू म्हणतो त्याने गृहपाठ केलेला नसतो. मिलिंदने गाडीची किल्ली घेतली, सईने चार्जर घेतला. सुनंदा आत जाऊन पाणी पिऊन आली आणि निळा पंजाबी ड्रेस घालून चपला सरकवून सगळ्यांच्या आधी जिन्यापाशी उभी राहिली. दोन तासांच्या रस्त्यात मला डॉक्टरांचा फोन लागला तो शारजा ओलांडल्यावर. ते म्हणाले, एक-दोन दिवस चुकली म्हणून आभाळ कोसळत नाही, मिळाली की नेहमीसारखी सुरू करा, दोन एकदम देऊ नका आणि बीपीची तुमची गोळी तुम्ही घेतलीत का? मी ती घेतली नव्हती.

उम्म अल कुवैन म्हणजे अमिरातीतलं सातारा समजा. सगळे त्याच्या जवळून जातात, उतरत कोणी नाही. एका बाजूला कारखान्यांच्या शेड, दुसऱ्या बाजूला उथळ समुद्र, मधे दुपारची झोप. शिरीष दोन खोल्यांत राहतो. बायको बाळंतपणाला साताऱ्यात गेलेली. त्याने दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता सुनंदाच्या पाया पडला.

हकीकत अशी. शिरीषला गेल्या वर्षी शुगर निघाली होती. आईला त्याने सांगितलं नव्हतं. आई दर खेपेला लाडू पाठवायची आणि हा न उघडता कोणाला तरी देऊन टाकायचा. या वेळचा डबा त्याने त्याच शनिवारी सकाळी सात वाजता कारखान्यातले जुने अधिकारी अबू सालेम यांना दिला होता, कारण दिवाळीत त्यांनी याला खजुराची अख्खी पेटी दिली होती. अबू सालेम डबा घेऊन रास अल खैमाला आपल्या घरी गेले होते. तिथून शेतावर. शेतावर फोनला रेंज नव्हती.

"यू गेव्ह अवे अ बॉक्स विदाउट ओपनिंग इट?" सईने विचारलं.

"लाडूच होते ना," शिरीष म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला की सर, आईला सांगू नका. मी त्याला दहा मिनिटं रागावलो, त्यातली दोन डब्यासाठी आणि आठ शुगर लपवण्यासाठी. सुनंदा पुन्हा म्हणाली, "अहो, ऐका तरी, माझं म्हणणं," आणि मी पुन्हा एक मिनिट म्हणालो, कारण शिरीषच्या उपाशीपोटीच्या शुगरचा आकडा मला अजून कळायचा होता.

त्याने पिठलं केलं. भाकरी नव्हती, म्हणून खुबूस, म्हणजे तिथली फुगीर चपटी रोटी. पिठल्याबरोबर खुबूस खावी असं कोणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाशी बोलणं टाकलं असतं. मी चार खाल्ल्या. लाडवांचा डबा मी मागे खलिफा सिटीतच ठेवला होता, ते बरंच झालं म्हणायचं.

संध्याकाळी खाडीवर गेलो. ओहोटी होती. खारफुटीच्या पलीकडे उंच पायांचे गुलाबी पक्षी चिखलात माना घालून उभे होते. पाणी इतकं उथळ की ते आत बरेच दूर जाऊनही गुडघ्याच्या वर भिजत नव्हते. सुनंदाने चपला काढल्या, पंजाबीच्या कडा दुमडल्या आणि सरळ पाण्यात गेली. मी काठावरून ओरडलो की पाय ओले करू नकोस, शिंपले लागतील, तिकडे ओढ असेल. ती चालत राहिली. वाऱ्यामुळे ऐकू जात नसेल असं मी मिलिंदला म्हणालो. मिलिंद म्हणाला, "दाजी, वारा तिकडेच वाहतोय."

अंधार पडायच्या आत अबू सालेम यांचा आवाजी निरोप आला, छान हिंदीत. उद्या सगळ्यांनी या, बायकामुलांना घेऊन या, इन्शाल्ला जेवूनच जायचं. डब्याचा उल्लेख नव्हता, कारण शिरीषने तो केलाच नव्हता. फोनवर भेट परत कशी मागायची, हा त्याचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर माझाही. आम्ही पाच माणसं त्या दोन खोल्यांत झोपलो. मी गॅसची शेगडी दोनदा तपासली.

रास अल खैमा, रविवार

रास अल खैमाला डोंगर आहेत. ते पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं आणि लगेच वाटेनासं झालं, कारण त्यांच्यावर गवताची काडी नाही. आपला सह्याद्री भट्टीत भाजून काढला तर असा दिसेल. वाटेत सिमेंटचे कारखाने, फरशांचे कारखाने, मग खजुराच्या बागा. अबू सालेम यांचं घर त्या बागांना लागून, डोंगराच्या पायथ्याशी. ते स्वतः फाटकापर्यंत आले. पांढराशुभ्र झगा, पिकलेली दाढी. शिरीषच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यल्ला, अंदर आओ, कॉफी ठंडी हो रही है."

सुनंदा आणि सई आत बायकांकडे गेल्या, अबू सालेम यांच्या आईजवळ. आम्ही पुरुष मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या मोठ्या दिवाणखान्यात, भिंतीच्या कडेने मांडलेल्या गाद्यांवर. चपला कुठे काढायच्या हे मात्र विचारावं लागलं नाही. त्या बाबतीत आपण दोन्ही देश एक आहोत.

माझा बेत साधा होता. कॉफी प्यायची, तब्येतीची चौकशी करायची आणि डब्याचा विषय काढायचा. अबू सालेम यांनी डाव्या हातात उंच चोचीची किटली घेतली, उजव्या हाताने एक इवलासा कप माझ्यापुढे धरला. बिनदुधाची, बिनसाखरेची, वेलदोड्याच्या वासाची पिवळसर कॉफी. कप म्हणजे आपल्या तीर्थाच्या पळीहून थोडा मोठा. मी प्यायलो, कप परत दिला. त्यांनी भरला. मी प्यायलो, शुक्रन म्हणालो, म्हणजे आभार मानले, कप परत दिला. त्यांनी भरला. मी "बस, बस" म्हणून कपावर आडवा हात धरला. ते प्रेमाने हसले, माझा हात प्रेमाने बाजूला केला आणि भरला.

मी नऊ कप प्यायलो. शिरीष बाहेर फोनवर होता. मिलिंद समोर बसून खजूर खात होता आणि माझ्याकडे कौतुकाने बघत होता. सहाव्या कपानंतर माझं हृदय मला कानात ऐकू येऊ लागलं. दहावा कप भरताना अबू सालेम थोडे थबकले. किटली हलकी झाली होती. ते म्हणाले, "हबीबी, तुमको बहोत पसंद है?" मी म्हणालो, पसंत आहे, पण मी मरेन.

मग त्यांनी किटली खाली ठेवली आणि हसत हसत रीत सांगितली. कप नुसता परत दिला तर त्याचा अर्थ अजून हवी. हाताने अडवणं म्हणजे पाहुणा लाजतो आहे. पुरे झालं असेल तर कप बोटांत धरून जरासा हलवायचा, डावीकडे-उजवीकडे. मग कोणी एक थेंबही वाढणार नाही. मी मिलिंदकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला वाटलं, दाजींना आवडलीये."

मला तिथे बसल्या बसल्या माझा अख्खा धडा दिसला. वाढा म्हणणारा भानावर, बास म्हणणारा भानावर, खूण ठरलेली आणि खूण पाळणारा समोर बसलेला. ही चांगली पेशी. आणि आपल्याकडे? पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतात. पाहुणा पानावर ओणवा झाला तर पाठीवर हात ठेवून वाढतात. आग्रह नावाचा जो प्रकार आपण अभिमानाने मिरवतो त्यात थांबण्याची खूण मुळात कोणी ऐकतच नाही. मी मोठ्या उत्साहाने हे सगळं अबू सालेम यांना हिंदीत समजावलं, जनुकांसकट, प्रथिनांसकट. नऊ कपांमुळे मी जरा वेगात बोलत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ये सब तुमको कैसे मालूम? तेव्हा मी म्हणालो की माझ्या बायकोला कॅन्सर होता आणि तिची औषधं तुमच्या घरात आहेत.

ते ताडकन उठले. आत गेले. आतून आधी त्यांचा आवाज, मग एका म्हाताऱ्या बाईचा चढा आवाज, मग बायकांचं हसणं. सुनंदाचं हसणं मी कुठेही ओळखतो. पण इतकं मोठ्याने तिला हसताना मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

झालं होतं असं, की अबू सालेम यांच्या आईने शनिवारीच डबा उघडला होता. कापूस आणि स्ट्रिपा बघून तिने घरातल्या सगळ्यांना बजावलं, ही कोणाची तरी अमानत आहे, हात लावायचा नाही, आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. मुलगा शेतावरून आला की शिरीषला विचारायला सांगायचं, असं तिने ठरवलं, आणि मुलगा आला तेव्हा ती विसरली. आमची माणसं घरात येताच तिला आठवलं. आम्हाला तिने डबा परत दिला तो गच्च भरून. खाली खजूर, वर कापूस, त्यावर गोळ्या. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे तिला कोणी शिकवलं कोण जाणे. आमच्या सासूबाई असत्या तर दोघींचं चांगलं जमलं असतं.

जेवण झालं. मोठ्या परातीत भात, त्यावर मासे, शाकाहारी म्हणून सुनंदाला आणि मला वेगळी भाजी. वाढायला स्वतः अबू सालेम. मी पुन्हा आडवा हात धरला आणि माझ्या पुढ्यात पुन्हा ढीग झाला. खूण फक्त कपासाठी होती.

शिरीष त्याच्या गाडीने परस्पर घरी गेला. आम्ही आमच्या गाडीत बसलो आणि मी पहिल्यांदा स्ट्रिपा मोजल्या. सगळ्या होत्या. मी एक गोळी काढली, बाटलीचं झाकण उघडलं आणि हात मागे केला.

"सकाळी घेतली," सुनंदा म्हणाली.

मी विचारलं, कुठली? तिने पर्स उघडली. आत दोन स्ट्रिपा होत्या, एकीतल्या दोन गोळ्या गेलेल्या. निघायच्या आधी तिने केमिस्टकडून परस्पर आणल्या होत्या. मी सगळं एका डब्यात भरलं होतं, म्हणून. शनिवारी मी फार्मसीतून परत येऊन शिरीषशी फोनवर बोलत होतो, तेव्हा तिने आत जाऊन गोळी घेतली होती. आजची शिरीषकडे, मी त्याची शुगर पुन्हा मोजत होतो तेव्हा.

"मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगायला आले. तुम्ही दोन्ही वेळा एक मिनिट म्हणालात. तिसऱ्यांदा सांगणार होते, तर वाटलं, हे घराबाहेर पडलेत, पडू देत. नाहीतर मी साताऱ्याहून येऊन मिलिंदचा सोफा बघून गेले असते."

मिलिंदचे खांदे हलत होते. सई म्हणाली, "आत्या, यू आर अ लेजंड." मला राग आला. खरा राग. मी दोन दिवस ज्या भीतीत काढले त्या दोन दिवसांत ही पाण्यात पाय घालून पक्षी बघत होती. मी तसं बोललोही, बरंच बोललो. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली:

"साडेचार वर्षं तुम्ही गोळी हातावर ठेवलीत. तेव्हा मला त्याची गरज होती. पण आता मी बरी आहे. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट म्हणतात. तुम्हालाच ते ऐकू जात नाही. मला एकदा माझी मी घेऊन बघायची होती."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की जखम झाली तर पेशी वाढतात, त्यांनी वाढायलाच हवं, त्याशिवाय जखम भरत नाही. पण भरली की निरोप येतो आणि त्या थांबतात. ज्यांना निरोप पोचत नाही त्या वाढतच राहतात, आणि ज्याला वाचवायला निघाल्या त्यालाच गिळतात. हे मी फळ्यावर इतक्या वेळा काढलं होतं, बाणांसकट. ऑपरेशनच्या दिवशी माझ्यात जी काळजी सुरू झाली तिला कोणी बास म्हणालं नव्हतं, आणि जी म्हणत होती तिला मी एक मिनिट थांबवून ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं. मग हसू आलं. मग दोन्ही एकदम आलं आणि मी गोळी पुन्हा कापसात ठेवली.

मिलिंदने विचारलं, घरी जायचं का? डोंगरावर वर रस्ता जातो, सूर्यास्तापर्यंत पोचू. सुनंदा म्हणाली, वर. मी सीटबेल्ट नीट ओढून घेतला.

रस्ता वळणं घेत चढत गेला. वर गाड्या उभ्या करायची जागा आहे, कठड्यापाशी माणसं, चहाची एक टपरीवजा गाडी. खाली सगळे उघडे डोंगर एकामागे एक तांबूस होत गेलेले. दार उघडताच गार वारा आत आला. सुनंदा उतरली आणि कठड्याकडे चालू लागली, ऑपरेशनच्या बाजूचा हात वर करून केस सावरत. मी पिशवीतून तिची कानटोपी काढली आणि चार पावलं तिच्या मागे गेलो. तोंड उघडलं होतं. मग तिथेच उभा राहिलो.

ती वळून बघेल असं वाटलं, पण तिने बघितलं नाही. ती सईला काहीतरी दाखवत होती. मी बराच वेळ ती कानटोपी हातात धरून उभा होतो. शेवटी मीच घातली. वारा खरोखरच गार होता.